डॉक्टरसाहेबांची नदी

हे मी घरात कधी बोललो नाही. लग्नकार्यात पंधरा माणसं भोवती जमवून बहरीनचे किस्से रंगवणारा मी — हा किस्सा जवळ आला की पाणी प्यायला उठतो.

नव्वदच्या दशकात आम्ही बहरीनच्या गुदैबिया वस्तीत राहायचो. मी एका कॉलेजात टायपिस्ट. तिथल्या इंग्रज डॉक्टरसाहेबांचा विषय म्हणजे शरीर आतून चालतं कसं, त्यातही श्वास. दम कोंडून मोती काढणाऱ्या म्हाताऱ्या पाणबुड्यांच्या छात्या तपासण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीला आल्यावर ते आपलं आयुष्य कॅसेटवर बोलू लागले; मी घरी नेऊन टाइप करायचो. “तू एक शब्द गाळत नाहीस,” म्हणायचे. मी फुगायचो.

महाडला आईला आम्ही पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचो. एका शुक्रवारी सुनंदानं विचारलं, “अहो, ही कोरी आहे ना?”

“कोरीच गं.” बघितलं कुठं होतं मी?

मुलीनं इंग्रजी कविता म्हटली, आम्ही जयभीम घातला, आणि संध्याकाळी गावाकडच्या एकाबरोबर कॅसेट गेलीसुद्धा. टाइप करायला बसलो तेव्हा कळलं — ती साहेबांची होती. श्वासाकडे ते का वळले, ते त्यात आहे, असं त्यांनी देतानाच सांगितलं होतं. मी पहिलं वाक्य तेवढं ऐकलेलं: मी सात वर्षांचा होतो.

सांगायला काय झालं होतं? साहेब रागावणारे नव्हते, पुन्हा बोलले असते. पण एक शब्द न गाळणारा तो मी — नाही का? मग मी लिहिलं. लहानपणी मी महाडला सावित्री नदीच्या डोहात दम कोंडून बसायचो, तेच. म्हशी काढल्या, बदकं घातली. झाली इंग्लंडची नदी.

साहेबांना तेव्हा विसरायला होऊ लागलं होतं. पान त्यांनी दोनदा वाचलं. “हे मी विसरलोच होतो,” म्हणाले. “बरं झालं बोलून ठेवलं.” पुढं येईल त्या पाहुण्याला ती नदी सांगायचे. दर खेपेला पाणी आणखी गार व्हायचं. मी शेजारी बसून मान डोलवायचो. पुस्तकही तसंच छापलं गेलं.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत ती कॅसेट सापडली. तोवर साहेबही गेले होते. लावली. मुलीची कविता, आमचा जयभीम, खट् — आणि साहेबांचा आवाज. आम्ही त्यांच्यापेक्षा कमी बोललो होतो.

“…बहीण धाकटी. छाती नाजूक. मी उशाशी बसून तिचे श्वास मोजायचो. एका सकाळी मोजायला काही राहिलं नाही. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एवढं नीट लिही.”

“कोणाचा हो आवाज?” सुनंदानं आतून विचारलं.

“कोणाचा नाही. कॅसेट खराब झालीय.”

पुस्तक माझ्या कपाटात आहे. पहिल्याच प्रकरणात साहेब नदीत बुडी मारून बसलेत. बहीण कुठंच नाही.