लाल फुली

नव्या रेल्वेमार्गाची मोजणी करताना दुर्बिणीतून पाहिलं, तर आमची रेघ एका कुडाच्या घराच्या मधोमध जात होती. मी भिंतीवर लाल फुली मारली. घरातली बाई लगबगीनं बाहेर आली.

"घरकुलाच्या यादीत नाव लागलं का, साहेब?"

खरं सांगितलं असतं, तर रडारड झाली असती. मी नुसती होकारार्थी मान डोलावली. तिनं फुलीला हळदकुंकू वाहिलं आणि आम्हा सगळ्यांना चहा पाजला.

निर्दय व्हायला माणूस आधी चिडावा लागतो, असं मला पूर्वी वाटायचं. तिच्यावर तर माझा काहीच राग नव्हता. रेघ वीस फूट सरकवली असती, तर घर वाचलं असतं. पण मग वळण पुन्हा आखावं लागलं असतं, आणि आमची जेवायची वेळ झाली होती.