केबिनमधली करकर

त्या दुष्काळाच्या साली रानात बेण्यापुरताही ऊस उरला नव्हता. आमच्या भागातला सहकारी साखर कारखाना पेटलाच नाही. माझा ट्रक दहा-बारा वर्षं उसाच्या वाहतुकीवरच चालत आलेला. दिवाळी सरली तरी तो घरापुढं उभाच होता, आणि कोंबड्या दुपारच्या त्याच्या चाकांच्या सावलीला बसायला लागल्या होत्या.

माझ्या सासऱ्यांचं केजला वेल्डिंगचं दुकान होतं. मी त्यांना मामा म्हणायचो. साठी उलटलेले, बोलायला मोजके, पण हात असा की लांबलांबचे लोक ट्रॉल्या बांधून घ्यायला यायचे. तेच एक दिवस म्हणाले, "पाव्हणं, ऊस न्हाई तर न्हाई. पाणी वहा. गाडीचा मागचा हौदा उतरवू, टाकी बशिवतो मी."

आठ दिवस लागले. लाईट कधी यायची, कधी जायची. आली की मामा जेवणावरून उठून कामाला लागायचे. हौदा उतरवला, चेसीवर लोखंडी सांगाडा बसवला, त्यावर टाकी चढवली. प्रत्येक सांध्यावर हातोडी मारून त्यांनी आवाज ऐकला. शेवटच्या दिवशी म्हणाले, "आता दहा वर्सं बगायचं काम न्हाई."

सरकारी टँकरच्या कामावर गाडी लागली. पालीच्या धरणाखाली एका शेतातली विहीर पाण्यासाठी ताब्यात घेतली होती, तिथं रांगेत उभं राहून टाकी भरायची आणि डोंगरावरच्या दोन गावांना पोचवायची. पहिल्याच खेपेला, विहिरीपासून मैलभर गेलो नसेन, केबिनमध्ये आवाज सुरू झाला. कर्र... कट्. मग थोडा वेळ काही नाही. मग परत, कर्र... कट्. कुणीतरी पाठीमागं बसून सुपारी कातरावी तसा.

पहिले दोन दिवस मी तो ऐकून न ऐकल्यासारखा केला. तिसऱ्या दिवशी दार तपासलं. दाराच्या बिजागऱ्यांना ग्रीस लावलं. सीटखालचे पाने-पक्कड गोणपाटात गुंडाळले. काचेच्या रबरात सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कोंबल्या. समोरची देवाची तसबीर काढून घरी नेऊन ठेवली, तीही वाजत असेल म्हणून. आवाज होता तिथंच होता. म्हणजे कुठं, तेच तर कळत नव्हतं. कधी डाव्या दारातून यायचा, कधी डोक्यावरून, कधी थेट माझ्या पाठीतून.

मामांना सांगणं सोपं होतं, पण जीभ उचलत नव्हती. जावयानं सासऱ्याच्या कामाला नाव ठेवायचं म्हणजे बायकोच्या माहेरालाच नाव ठेवणं. त्यात त्या माणसानं उपाशीतापाशी काम करून दिलेलं. मग मी चोरून तेलगावच्या मेकॅनिककडं गेलो. उसाच्या हंगामात तो माझी गाडी बघायचा, वयानं माझ्याबरोबरीचा. त्यानं शेजारी बसून दोन-तीन किलोमीटर चक्कर मारायला लावली.

"कुठं हाय बे आवाज?"

"आत्ता न्हाई. येताना बी नव्हता."

"मंग काय बगू? तुझं थोबाड?"

तरी त्यानं केबिनखालचे रबर बदलले, सायलेन्सरचा पट्टा आवळला. परतीच्या वाटेवर केबिन इतकी शांत होती की मी जोरजोरात गाणं म्हटलं. पालीला आलो, टाकी भरली, निघालो. मैलभरात कर्र... कट्.

मी पुन्हा गेलो. पुन्हा आवाज नाही. तो म्हणाला, "गड्या, तुझ्या डोक्यात वाजतंय. दोन दिस झोप काढ."

आता वाटतं, किती साधी गोष्ट होती. पण तेव्हा सुचली नाही. भरलेली टाकी घेऊन मेकॅनिककडं कोण जाणार? गावात बायका सकाळपासून हंडे मांडून बसलेल्या. गाडी मोकळी असायची तेव्हाच मी मोकळा. चढाला आवाज येतो, उताराला येत नाही, एवढं मला कळलं होतं. पण मी दोष रस्त्याला दिला. रस्ताही होताच तसा, नुसता दगडांचा.

दिवसाला चार खेपा. अंगातलं त्राण कधी गेलं ते कळलंच नाही. भाकरी चावताना आवाज ऐकू यायचा. एका दुपारी वरच्या गावात एका म्हातारीनं आणखी एक कळशी भरू दे म्हटलं, तर मी तिच्यावर खेकसलो. ती कळशी तशीच कडेवर घेऊन गेली. मला तिला हाक मारायची होती, पण उठायचाच कंटाळा आला. तो कंटाळा मला अजून टोचतो.

घरी बायको म्हणाली, "चार दिस झाले, तुमी लेकरांशी बी बोलला न्हाईत. झालंय काय?"

मी सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मग आमच्या आबांना सांगा की. टाकी त्यांनीच बशिवली न्हवं."

"नको. तूबी सांगू नको."

"बरं," ती म्हणाली.

दोनच दिवसांनी मामा पालीच्या विहिरीवर हजर. हातात पिशवी. "वरच्या गावात भयीन हाय माजी. लई दिस झाले भेटून. म्हणलं तुमच्याच गाडीत जावं." त्यांच्या बहिणीच्या गावाला केजहून थेट एसटी होती. हे मलाही ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही.

टाकी भरून निघालो. मैलभरात आवाज सुरू झाला. मी समोर बघत राहिलो. मामा खिडकीबाहेर बघत होते. दहाएक वेळा कर्र-कट् झालं असेल. मग ते म्हणाले, "कवापासून हाय ह्ये?"

"हाय थोडे दिवस."

"पयल्यापासून?"

मी मान हलवली.

"मग सांगितलं कावून न्हाई?"

गाव अर्ध्या किलोमीटरवर दिसत असताना त्यांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून टाकीचा पाणी सोडायचा वॉल गळत होता तिथला ओला चिखल मुठीत घेतला आणि केबिन अन् टाकी यांच्या मधल्या सापटीत चढले. केबिनच्या पाठीला तीन-चार ठिकाणी चिखलाचे गोळे चिकटवले. "चला हळूच फुडं." मी शंभर पावलं गाडी नेली. ते धुळीतून चालत आले, परत वर चढले, आणि बराच वेळ खाली उतरलेच नाहीत.

मी वर जाऊन पाहिलं. डावीकडचा वरचा गोळा चेचून सपाट झाला होता. त्याच्यासमोर टाकीच्या सांगाड्याच्या अँगलचं एक टोक तीन बोटं पुढं आलेलं. कापायचं राहून गेलेलं. मामा त्या टोकावर अंगठा ठेवून उभे होते.

तोवर गावातल्या लोकांनी उभी गाडी पाहिली होती. बिघडली असं समजून सगळे हंडे, घागरी, ड्रम घेऊन रस्त्यावरच आले. आरडाओरडा झाला, वरच्या आळीच्या बायका म्हणाल्या आमच्यापर्यंत पोचणारच नाही. शेवटी तिथंच वॉल सोडला. मी नळी धरून उभा. मामा मात्र वरच्या सापटीतून हलले नाहीत. टाकी अर्धी झाली तेव्हा त्यांनी हाक मारली, "पाव्हणं, हिकडं या."

अँगल आणि पत्रा यांच्यामध्ये आता करंगळी जाईल एवढी फट पडली होती. टाकी रिकामी झाल्यावर त्यांनी दोन बोटं घालून दाखवली.

"टाकी भरली की चेसी मधी वाकती. टाकी फुडं झुकती, केबिन मागं. म्या रिकाम्या गाडीवर माप घेतलं." मग म्हणाले, "लाईट गेलती त्या दिशी. म्हणलं, येवढ्यानं काय हुतंय."

मला म्हणायचं होतं की असू द्या मामा, होतं असं. पण मी इतका थकलो होतो की नुसता हो म्हणालो. ते त्यांना लागलं असावं. बहिणीकडं ते गेलेच नाहीत. गाडीतच केजपर्यंत परत आले, आणि दुकानापुढं गाडी उभी करायला लावून ते टोक कापूनच आत गेले. जेवायला थांबा असंही म्हणाले नाहीत, जे आजवर कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भरल्या टाकीनं डोंगर चढलो. काहीच वाजलं नाही. फार आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. नुसतं बरं वाटलं. गावात ती म्हातारी रांगेत दिसली. तिच्या दोन्ही कळशा मी स्वतः भरून दिल्या. तिनं मला ओळखलं की नाही, कळलं नाही.

चार दिवसांनी विहिरीच्या रांगेत माझ्यापुढं पाच गाड्या होत्या. बाभळीखाली पाठ टेकली होती, तेवढ्यात एसटीतून मामा उतरताना दिसले. हातात लोखंड कापायची करवत. त्या हंगामात त्यांनी आणखी दोन टँकर बांधले होते. दोन्ही रांगेत उभे होते. एका ड्रायव्हरला त्यांनी विचारलं, "आवाज येतो का केबिनमधी?"

तो म्हणाला, "येतो की. टँकरला येतच असंल, म्हणलं."

मामांनी मान हलवली आणि वर चढले. उन्हात करवतीचा आवाज बराच वेळ येत राहिला. पहिला अँगल कापून झाला, ते दुसऱ्या गाडीवर गेले. मी पाण्याची बाटली घेऊन गेलो. त्यांनी दोन घोट घेतले, घाम पुसला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "धरा जरा ह्ये टोक. हलतंय."

मी दोन्ही हातांनी ते टोक धरून उभा राहिलो.