कुणी धक्का न देता

युरोपातला एक नावाजलेला फुटबॉलपटू मोकळ्या मैदानात एकटाच चेंडूमागे धावत होता. मध्येच त्याने मांडीची मागची बाजू धरली आणि हात वर करून स्वतःच बदली खेळाडू मागितला. कालच्या सामन्यातला हा क्षण मी आणि संभा तालमीच्या कट्ट्यावर बसून मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहत होतो.

"कुणी हात बी लावला नाही की रं," मी म्हणालो.

"लावाय लागत नाही. हॅमस्ट्रिंग धावताना आपोआप जातंय."

काहीही बिघडलं की मला कुणीतरी गुन्हेगार समोर लागतो. मी लगेच सुरू झालो: आठवड्याला तीन-तीन सामने, विश्रांती नाही, खेळाडू म्हणजे काय यंत्र आहे? पण खेळायचा हट्ट बहुतेक वेळा त्याचाच असतो, आणि त्याने उतरावं म्हणून ओरडणारे आपणच. मग बोट दाखवायचं कुणाकडे?

"निषेधाचं पत्रक काढ," संभा हसला. "पहिली सही माझी."

संभा आमच्या पेठेच्या संघाचा सगळ्यात वेगवान खेळाडू. याच दुखापतीमुळे तो गेले तीन आठवडे संघाबाहेर आहे. जिना उतरताना अजून कठडा धरतो. उद्या अंतिम सामना.

हसू आवरून तो म्हणाला, "डॉक्टर नको म्हणतोय, कोच हो म्हणतोय. तू सांगशील तसं."

'नको' म्हणायला कितीसा वेळ लागतो?

"दुसऱ्या हाफला उतर," मी म्हणालो.

त्याचा चेहरा खुलला. मी हे कुणाच्या बाजूने बोललो, ते मला अजून कळलेलं नाही.