दुसरा अर्धा दगड माझ्याकडे आहे

भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी मला फसवलं. पैशात नव्हे, पैशात मला कोणी फसवू शकत नाही.

खडकीच्या फूटपाथवर पाटे-वरवंटे विकत मी वारज्याला दगडाचं दुकान उभं केलं. मोठे पांढरे दाणे असलेला काळा दगड आम्ही पाट्याला घेत नाही. टाकीचे घाव बसले की दाणे निखळतात आणि चटणी कचकच लागते. तसा एक दगड मंचरकडच्या मालात आला. करंगळीएवढे दाणे. कारागीर फेकून देणार होता. मला आवडला म्हणून मी दारात ठेवला. हे सर वरवंटा घ्यायला आले आणि त्या दगडापुढे उकिडवे बसले.

"मावशी, हा द्याल?"

"आधी सांगा, त्यात काय आहे."

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. ज्वालामुखीच्या पोटात उकळत्या रसाचा हौद नसतो, म्हणाले. बहुतेक जागा घट्ट, दाणेदार लगद्याची. रस असतो तो दाण्यांच्या फटींत. फार मोठा काळ हे असंच पडून राहतं, दाणे सावकाश वाढतात. मग खालून नवा, जास्त गरम रस घुसतो, लगदा सैल होतो, वायूचा दाब वाढतो आणि दाण्यांसकट सगळं वर येतं. भिंगातून एका दाण्यात कांद्यासारखे पापुद्रे दिसले. ती त्या मुक्कामाची खूण.

"म्हणजे मऊ खिचडी," मी म्हटलं.

"अगदी. वर्गात हेच सांगेन."

"पैसे नकोत. हा दगड कुठे मांडाल तेव्हा खाली माझं नाव लिहा."

"शब्द दिला."

मी दगड फोडला आणि अर्धा त्यांना दिला. घासाघीस न करता केलेला माझा हा एकच सौदा.

गेल्या आठवड्यात त्यांच्या प्रदर्शनाला गेले. पाटीवर लिहिलं होतं: 'सरांनी स्वतः शोधलेला नमुना. मॅग्मा म्हणजे मऊ खिचडी.' दगड माझा, खिचडीसुद्धा माझी.

"सर, माझं नाव?"

"अहो, इथे विक्रेत्यांची नावं लावत नाहीत."

"मी विकला कुठे?"

ते हसून विद्यार्थ्यांकडे वळले. बाजारात माझ्या तोंडाला सगळे घाबरतात. तिथून मात्र मी तशीच परत आले. तेव्हापासून तो राग आत बसून दाणे धरतो आहे.

सर एक गोष्ट विसरले. दगड फुटला तेव्हा सगळ्यात मोठा दाणाही मधोमध तुटला. त्याचा अर्धा तुकडा माझ्याकडच्या दगडात आहे. रविवारी, प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, मी तो घेऊन येते आहे. सर, सगळ्यांसमोर दोन्ही अर्धे जोडा, आणि सांगा, हा दगड तुम्हाला कुणाच्या दारात सापडला?