परवीनच्या आजीचा आरसा

"माणूस जातो, शब्द उरतात," असं शरयू प्रत्येक शोकसभेत म्हणायची. तिच्या बाबतीत ते अगदी खरं ठरलं. न खपलेल्या कादंबऱ्यांची खोकी उरली, आणि ती सध्या माझ्या गराजमध्ये लॉनमोवरशेजारी आहेत. ती गेल्याचं तिच्या मुलानं, नीलनं, फोन करून सांगितलं. "सुमामावशी, मॉम इज गॉन," एवढंच बोलला... तासाभरात इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'एका युगाचा अस्त' सुरू झाला. तो संध्याकाळपर्यंत चालला. मग कुणीतरी पुढच्या पिकनिकला कोण काय आणणार ते विचारलं.

आमची ओळख अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातली. दोघींचे नवरे तिथे पीएच.डी. करत होते आणि एका अपार्टमेंटमध्ये आम्ही दोन जोडपी राहायचो. शरयूला सारखं आतून काहीतरी सुचायचं, आणि ते नेमकं भांडी घासायच्या वेळी सुचायचं. पुढे सगळे अल्फारेटाला आलो, एकाच सबडिव्हिजनमध्ये घरं घेतली. लोक याला मैत्री म्हणतात. मी सवय म्हणते.

पन्नाशीत तिला इराण सापडला. जुन्या इराणी जनानखान्यातल्या स्त्रियांवर ती ऐतिहासिक कादंबऱ्या लिहू लागली. इराणला ती कधी गेली नाही, आणि त्यानं तिचं काही अडलंही नाही. तिच्या कादंबरीत पानोपानी एक कारंजं असे, कारंज्यापाशी एक बंदिनी आणि बंदिनीच्या डोळ्यांत पाणी. त्या कोरड्या देशात एवढं पाणी येतं कुठून, असं मी एकदा विचारलं. "तुला रूपक कळत नाही, सुमा," ती म्हणाली. मंडळाच्या गणपतीत, भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात, तिनं विषप्रयोगाचं अख्खं प्रकरण वाचून दाखवलं. वडे गार होत होते. शेवटी एक काका उठून म्हणाले, "वहिनी, राणी गेली का? मग लाइन सुरू करतो." तिनं त्यांना पुढे कधीही माफ केलं नाही. माझ्या मते त्या संध्याकाळचे एकमेव समीक्षक तेच होते.

परवीन आमच्या कोपऱ्यावरच्या घरात राहायला आली. इराणातल्या इस्फहानची, निवृत्त फार्मासिस्ट, नवरा गेलेला. शरयूला वाटलं, रिसर्च स्वतःच्या पायांनी चालत आला. पहिल्याच आठवड्यात ती मला घेऊन तिच्याकडे चहाला गेली. दिवाणखान्यात चांदीच्या चौकटीचा एक मोठा आरसा होता. त्यांच्याकडे लग्नात नवरा-नवरीला आरशासमोर बसवतात. नवरी चेहऱ्यावरचा पडदा बाजूला करते आणि नवरा तिला आधी आरशात पाहतो. परवीनच्या आजीचं, आईचं आणि तिचं स्वतःचं लग्न याच आरशासमोर झालं होतं. "ओ माय गॉड, किती सुंदर!" शरयू म्हणाली. परवीन लगेच म्हणाली, "तुमचाच आहे. घेऊन जा."

आणि शरयू घेऊन गेली.

बीच टॉवेलात गुंडाळून, मिनिव्हॅनच्या मागच्या सीटवर ठेवून, वर सीटबेल्ट लावून. परवीननं स्वतः गाडीचं दार उघडून धरलं. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. त्या हसण्याचा अर्थ मला बऱ्याच दिवसांनी कळला. पाहुण्यानं वाखाणलेली वस्तू देऊ करायची, पाहुण्यानं 'छे छे, तुमच्याकडेच शोभते' म्हणायचं, पुन्हा आग्रह, पुन्हा नकार, आणि वस्तू जागची हलत नाही. याला ते लोक 'तारोफ' म्हणतात. इराणातलं शेंबडं पोरही तो पाळतं. शरयूच्या सगळ्या कादंबऱ्यांत मिळून हा शब्द एकदाही येत नाही.

तिची पुढची कादंबरी त्या आरशावरच निघाली. नायिका परवीनची आजी, नावासकट. "काय लिहिलंय तिनं?" परवीननं एकदा चालायला गेलो असताना विचारलं. मी सांगितलं, की आजी आरशात स्वतःचा भंगलेला चेहरा पाहते आणि पहिल्या प्रकरणापासून रडते. परवीन थांबलीच.

"माझी आजी? आजी नाही रडायची. लोक तिच्यापुढे रडायचे. आजोबासुद्धा."

"मग आरशात काय बघायची?"

"तो तिनं दारासमोर लावला होता. पाठमोरी बसली तरी पिस्ते कोण उचलतंय ते दिसायचं."

मग थोडं चालून झाल्यावर म्हणाली, की नातीचं, रोयाचं, लग्न ठरतंय आणि तिला तो आरसा हवाय... "मागून घे की," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला चोरी करायला सांगत होते. दिलेली वस्तू मागायची? मेली तरी मागणार नव्हती.

म्हणून मी शरयूकडे गेले.

"अगं, तिनं तो द्यायचा म्हणून दिलाच नव्हता. त्यांची बोलायची रीत आहे ती. नातीच्या लग्नाला हवाय तिला."

"सुमा, तिनं मनापासून दिलाय. आणि त्या आजीची खरी वारस मीच आहे. मी तिला आवाज दिला."

"आजीला आवाज होता. सगळं घर घाबरायचं."

"तू ना यार, कायमची निगेटिव्ह! आणि आता कसा देऊ? बुक लाँचला स्टेजवर लागणार आहे."

लाँचला आरसा खरंच स्टेजवर होता. चौकटीच्या खालच्या बाजूला तिनं मराठीत लेबल चिकटवलं होतं: 'लेखिकेच्या संग्रहातून. कृपया हात लावू नये.' परवीन पहिल्या रांगेत बसली होती. टाळ्याही वाजवल्या तिनं. आरसा परत आला तो शरयूच्याच लिहायच्या खोलीत.

शरयू गेली तेव्हा रोयाचं लग्न तोंडावर आलं होतं. घर आवरताना मी नीलला आरशाचं सांगितलं. "प्लीज टेक इट, मावशी. इट्स सो हेवी," तो म्हणाला. आईच्या संग्रहाबद्दल त्याला एवढंच म्हणायचं होतं. मी आरसा परवीनकडे नेला. तिनं दारातच हात वर केले. "छे छे, शरयूची आठवण आहे, तुमच्याकडेच राहू दे." एका मराठी बाईनं हे बोलणं खरं मानून केलेला घोटाळा माझ्या हातातच होता. दुसरा करायचा नव्हता. मी आग्रह केला, तिनं नकार दिला, मी पुन्हा आग्रह केला. माझे हात भरून आले तेव्हा कुठे तिनं तो घेतला. दारासमोर टेकवून ठेवला, त्याच्याकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ करून बसली, आणि आरशातूनच मला म्हणाली, "पिस्ते घ्या."

शरयू दर रविवारी फोन करून नवं लिहिलेलं वाचून दाखवायची. मी भाजी चिरत ऐकायचे. हल्ली रविवारची भाजी फार लवकर चिरून होते... तक्रार नाही.

लेबल मात्र निघालं नाही. परवीननं तेल लावून पाहिलं, मी हेअर ड्रायर लावून पाहिला. जास्त खरवडलं असतं तर चांदी गेली असती. रोया आणि तिच्या नवऱ्यानं एकमेकांना त्याच आरशात पाहिलं, आणि खाली 'लेखिकेच्या संग्रहातून. कृपया हात लावू नये' तसंच होतं. हॉलभर इराणी पाहुणे होते. त्यांतल्या कुणालाही मराठी येत नव्हतं. सगळ्यांनी हात लावला.