सासूबाईंसाठी एक डिस्क
आमच्या सासऱ्यांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, त्यामुळे घाईचं त्यांना वावडं. निवृत्त झाल्यावर घरातले व्हिडिओ डिस्कवर उतरवायचा नाद लागला. माळ्यावरच्या खोलीत जुना कॉम्प्युटर मांडून बसायचे. डिस्क लिहायला घेतली की खाली मिक्सर लावायचा नाही, जिन्यावर पाय वाजवायचा नाही. "सावकाश लिहिलेली डिस्कच नीट चालते," हे पालुपद. मी म्हणायचे, "बाबा, डिस्क लिहिताय की बाळ झोपवताय?" त्यावर नुसते गुरगुरायचे.

एवढा खटाटोप करून माणूस स्वतः काही बघायचा नाही. माझ्या नणंदेचे व्हिडिओ तर नाहीच नाही. ती कॉलेजात असतानाच तापाने गेली. सासूबाईंनी तिची डिस्क लावली की सासरे चपला घालून बाहेर. मला अस्सा संताप यायचा! अहो, बायको एकटी रडतेय, बसा ना जरा जवळ. पण यांना सांगणार कोण?

सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा दिवस उजाडला. एक डोळा पूर्वीच गेलेला, आता उरलेल्या डोळ्याचा पडदा सुटत आलेला. नजर राहीलच असं नाही, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. ऑपरेशनपर्यंत कुशीवर पडून राहायचं, उठायचं नाही. सकाळी त्या म्हणाल्या, "जायच्या आधी पोरीला सायकलवर बघू दे एकदा. मग व्हायचं ते होऊ दे."

तो व्हिडिओ डिस्कवर उतरवलेलाच नव्हता. माळ्यावर त्यांना नेणं शक्य नाही आणि फोनवर तर मुंगीएवढं दिसणार. सासरे कोरी डिस्क घेऊन वर गेले. मी टीव्ही डिस्क-प्लेयरसकट पलंगाजवळ ओढला.

डिस्क आली. प्लेयर घरघरला आणि डिस्क बाहेर ढकलून मोकळा झाला.

"वर तर चालली की!" सासरे कावरेबावरे.

"बाबा, नुसती फाइल तर टाकली नाहीत ना?"

त्यांचा चेहरा पडला. आपल्या प्लेयरला व्हिडिओ त्याच्या पद्धतीत बदलून द्यावा लागतो, हे यांनीच मला शिकवलेलं. धास्तीपायी स्वतःच विसरले. परत जिना चढले.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन. "गाडी घेऊन निघालोय. आईला तयार ठेव." मी सासूबाईंचे केस विंचरले, पिशवी भरली, कान मात्र माळ्याकडे. त्या मिनिटामिनिटाला विचारत होत्या, "झालं का गं?" मी म्हणत होते, "होतंय, आई."

"सगळ्यात जास्त वेगाने लिहितोय!" सासरे वरून ओरडले. हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.

ते धडपडत खाली आले, डिस्क आत सरकवली. सायकलची घंटी वाजली. नणंदेचं हसू ऐकू आलं, तशी सासूबाईंनी उशी घट्ट धरली. आणि चित्र? चौकोन चौकोन होऊन जागच्या जागी थिजलेलं! आवाज पुढे जातोय, चित्र तिथेच. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

मला वाटलं, आता हे चपला शोधणार. पण ते मटकन पलंगाच्या कडेवर बसले.

"पिवळा फ्रॉक घातलाय," ते म्हणाले. "एक रिबीन सुटलीय. मान वळवून जीभ दाखवतेय मला, वेडी कुठली. गुडघा फुटलाय, पण बोलणार नाही."

"बाबा, सोडू नका हं!" टीव्हीतून नणंद ओरडली.

"एका हातात कॅमेरा, दुसऱ्याने सीट धरलीय मी," सासरे म्हणाले. "आता सोडली. तिला पत्ताच नाही."

एकही क्षण विसरला नव्हता हा माणूस. आणि मी त्याला दगड समजत होते!

सासूबाईंनी चाचपत त्यांचा हात धरला. "चित्र अडकलंय ना हो? एवढं कळतं मला अजून."

"वेगात लिहिली गं... माझंच चुकलं..."

"असू दे. तुम्ही सांगा. कुठवर गेली ती?"