चार पानी टाचण

आमच्या शाळेत तिला सगळे टाचणीबाई म्हणतात. उद्याच्या तासाला काय शिकवायचं ते ती कागदाच्या चिठोऱ्यावर लिहिते आणि पर्सच्या पट्ट्याला टाचणीने लावून आणते. टाचण म्हणजे टाचून ठेवायचं ते, असं तिचं सरळ गणित. चिठोऱ्यावर तीनच ओळी असतात. काल पोरं कुठे अडली, आज त्यांच्याकडून हाताने काय करून घ्यायचं, आणि सुटताना काय विचारायचं. सकाळी कुकर होईपर्यंत तिचं टाचण तयार. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, नवरा कायम फिरतीवर. जास्त लिहायला वेळ आणणार कुठून?

आणि आमच्याकडे लागतं चार पानी. उद्दिष्टं, पूर्वज्ञान, साधनं, अपेक्षित वर्तनबदल, काय न् काय. बहुतेक जण मागच्या वर्षीचं उतरवून काढतात नि तारीख बदलतात. एका सरांनी तर उतरवता उतरवता 'पावसामुळे उपस्थिती कमी' हेही उतरवलं, आणि बाहेर ऊन रणरणत होतं. त्यावरही मोठ्या बाईंचा लाल शाईत शेरा आहे, उत्तम. मी डोळ्यांनी पाहिलाय.

टाचणीबाईकडे सातवी क. ढ पोरांची तुकडी म्हणून कोणी घ्यायला तयार नव्हतं, ती हिच्या गळ्यात मारली. हिने कागदाच्या पट्ट्या दुमडायला लावून त्यांना अपूर्णांक शिकवले. गणिताच्या तासाला पोटात दुखणारी पोरं आता फळ्यापाशी येण्यासाठी भांडतात. त्या वर्गात तिचा जीव आहे.

परवा तर कहर झाला. आम्हाला प्रशिक्षण होतं, 'कामाच्या धबडग्यातील शिक्षकांसाठी झटपट पाठनियोजन'. म्हणे झटपट! अख्खा दिवस गेला, सगळे वर्ग वाऱ्यावर. जेवणाची सुट्टी उलटली तरी त्या प्रशिक्षकाचं झटपट काही संपेना. शेवटी त्याने विचारलं, "असं थोडक्यात कोणी करतं का?" सगळ्यांच्या माना टाचणीबाईकडे वळल्या. तिने चिठोरा काढून दिला. त्याने वाचला, फोटो काढला आणि म्हणाला, "सकाळपासून मी हेच तर सांगतोय." मोठ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंनी टाचणीबाईला आणि मला बोलावलं. मला म्हणाल्या, "तपासणी येतेय. यांची टाचणं नियमाप्रमाणे नाहीत. सातवी क आजपासून तुम्ही घ्या."

"मग काल टाळ्या कशाला वाजवल्यात?" मी विचारलं.

"ते प्रशिक्षण होतं. हे दप्तर आहे."

टाचणीबाई रडली नाही, भांडली नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "छेद वेगळे असले की अजून गोंधळतात गं. घाई करू नकोस त्यांच्याशी." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्ग जातोय हिचा, आणि ही मला पोरं सांभाळायला सांगतेय.

"वर्ग तिच्याकडेच राहू दे," मी म्हटलं. "तिची टाचणं मी लिहीन. चार काय, आठ पानं लिहिते."

खोटं दप्तर लिहायचं म्हणतेय म्हणून त्या मला झापतील असं वाटलं होतं. झापायलाच हवं होतं. पण मोठ्या बाईंनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"चालेल. अक्षर तेवढं तुमच्यासारखं येऊ देऊ नका."

घंटा झाली. टाचणीबाई पदर खोचून सातवीकडे पळाली. मी तिथेच उभी राहिले. म्हणजे ती चार पानं कोणाच्याच उपयोगाची नाहीत, हे या बाईला पहिल्यापासून ठाऊक होतं. आणि तरी त्या पानांपायी ही त्या पोरांची बाई काढून घ्यायला निघाली होती.